'खायला नको' आणि 'खायचं नाही': ओईटीच्या निमित्ताने मोडल्स शिकताना

मी मिरजेत राहते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन बारा वर्षं झाली, त्यातली नऊ वर्षं सर्जिकल वॉर्डात गेली. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी व्हायची तर सहसा इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. अशा परीक्षांपैकी ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, मी मार्च 2024 मध्ये दुसऱ्या प्रयत्नात पास झाले. पहिल्या वेळी बोलण्यात आणि पत्रलेखनात अडकले होते. तेव्हापासून ओळखीतल्या सिस्टर्स विचारतात, कोणता क्लास लावलास, कोणतं पुस्तक वाचलंस. मला खरी मदत झाली ती दुसऱ्याच गोष्टीची: कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शुड, वुड आणि शॅल हे आठ शब्द मी नव्याने शिकले. यांनाच मोडल्स म्हणतात: सक्ती, शक्यता, विनंती दाखवणारी सहायक क्रियापदं. दहावी-बारावीत 'मोडल ऑक्झिलरी ओळखा आणि फंक्शन लिहा' हा प्रश्न मी कधी चुकवला नव्हता. मस्ट म्हणजे ऑब्लिगेशन, कॅन म्हणजे अबिलिटी, मे म्हणजे पॉसिबिलिटी. सगळं पाठ होतं, पण वापरता येत नव्हतं.

सुरुवातीपासून सांगते.

जून 2023 मध्ये ठरवलं. आमच्या वॉर्डातली केरळची सहकारी, आम्ही सगळ्या तिला चेचीच (मल्याळीत ताई) म्हणतो, ती आधीच तयारीला लागली होती. आयईएल्ट्स ही सर्वसाधारण इंग्रजीची परीक्षा द्यावी की ओईटी, यावर आमचं दोन दिवस बोलणं चाललं. ओईटीत सगळं आरोग्याशी संबंधित असतं, पेशंटशी बोलायचं असतं, डिस्चार्जचं किंवा रेफरलचं पत्र लिहायचं असतं, म्हणून मी ती निवडली. फी तेव्हा 587 ऑस्ट्रेलियन डॉलर होती. माझ्या खात्यातून साधारण 32 हजार रुपये गेले. मिस्टरांचं कार्ड आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठी सुरू नव्हतं, ते सुरू करून घेण्यात चार दिवस गेले. हे काम फॉर्म भरायच्या आधीच उरकून ठेवा.

दुसरी अडचण नावाची. माझी नर्सिंगची नोंदणी माहेरच्या नावाने आहे आणि पासपोर्ट सासरच्या. परीक्षेला पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, अक्षर न् अक्षर, नोंदवावं लागतं, कारण केंद्रावर ओळखपत्र म्हणून तोच पाहतात. पुढे ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे, म्हणजे एनएमसीकडे, अर्ज करताना दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. आमच्या लग्नाची नोंदणीच झाली नव्हती. ती करून घ्यायला दोन रजा गेल्या. लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी हे आज करून ठेवा, असं मी प्रत्येकीला सांगते.

परीक्षेचे चार भाग असतात. लिसनिंग आणि रीडिंग सगळ्या आरोग्य व्यवसायांना सारखंच, दोन्हीत 42-42 प्रश्न. रायटिंगला 45 मिनिटं: पहिली 5 फक्त केस नोट्स वाचायला, तेव्हा काहीही लिहायचं नाही, आणि मग 40 मिनिटांत 180 ते 200 शब्दांचं पत्र. स्पीकिंगमध्ये दोन रोल-प्ले, प्रत्येक साधारण 5 मिनिटांचा. त्याआधी कार्ड वाचून तयारी करायला 3 मिनिटं मिळतात. गुण 500 पैकी असतात. एनएमसीला लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगमध्ये किमान 350 लागतात, रायटिंगमध्ये 300.

जुलै-ऑगस्ट मी एक ऑनलाइन क्लास केला. त्याचं नाव घेत नाही. त्यांनी पत्राचे तयार साचे दिले आणि स्पीकिंगसाठी पाठ करायची वाक्यं दिली. नाईट ड्युटी करून मी ती घोकली. सप्टेंबरमधल्या एका शनिवारी मुंबईत परीक्षा होती. आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघाले, सकाळी सीएसएमटीला उतरले, स्टेशनवरच तोंड धुतलं आणि तशीच केंद्रावर गेले. ही चूक करू नका. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, आणि दुपारी स्पीकिंगला बसेपर्यंत माझी जीभ जड झाली होती.

निकाल यायला साधारण तीन आठवडे लागले. लिसनिंग 360, रीडिंग 350, रायटिंग 290, स्पीकिंग 330. ड्युटीवर होते. मोबाईल खिशात टाकला आणि सहाची इंजेक्शनं द्यायला गेले. रात्री घरी आल्यावर रडले. 32 हजारांचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त हे लागलं होतं की पेशंटशी बोलणं हेच माझं काम आहे आणि त्यातच मला कमी गुण पडले.

निकालपत्रात फक्त गुण आणि श्रेणी असतात. कुठे चुकलं ते कोणी सांगत नाही. क्लासला फोन केला तर त्यांनी पुढच्या बॅचची फी सांगितली.

आमच्या गल्लीत एक बाई राहतात. तीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या यजमानांना डायबेटिक फूटची जखम होती आणि मी जाता-येता ड्रेसिंग करून द्यायचे. ओईटी हे नावही बाईंनी ऐकलेलं नव्हतं. मी सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, "मला परीक्षेतलं काही कळत नाही, पण तू बोलून दाखव. मी पेशंट होते." फी विचारली तर म्हणाल्या, "ड्रेसिंग करतेस ना, झालं तर मग."

नोव्हेंबर 2023 पासून मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी, ड्रेसिंग झालं की तासभर, असं सुरू झालं.

पहिल्या मंगळवारचा प्रसंग मला शब्द न् शब्द आठवतो. सरावाचं कार्ड होतं: उद्या सकाळी हर्नियाचं ऑपरेशन, पेशंट घाबरलेला आहे, त्याला तयारी समजावून सांगा. बाई खुर्चीत बसल्या, पोटावर हात ठेवला. मी हसून नमस्कार केला, नाव सांगितलं, आणि मग म्हणाले, "यू डोन्ट हॅव टु ईट एनिथिंग आफ्टर मिडनाइट."

बाई म्हणाल्या, "ओह, गुड. सो आय कॅन हॅव जस्ट वन बिस्किट?"

मला वाटलं त्या पेशंटचा हट्टीपणा करताहेत. मी तेच वाक्य जरा जोरात परत म्हटलं. त्यांनीही तोच प्रश्न परत विचारला. मग खुर्ची सोडून मराठीत आल्या. "अगं, तू मला सांगितलंस की बारानंतर खायची गरज नाही. गरज नाही म्हणजे खाल्लं तरी चालेल. मी खाणार."

माझ्या अंगावर काटा आला. भूल देताना पोटात अन्न असलं तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, हे मला विद्यार्थिदशेपासून माहीत आहे. नऊ वर्षांत किती पेशंटना मी बारानंतर उपाशी ठेवलं असेल त्याची गणती नाही. तरी माझ्या तोंडून इंग्रजीत उलटंच गेलं होतं. म्हणायला हवं होतं, "यू मस्ट नॉट ईट एनिथिंग आफ्टर मिडनाइट."

"हे मराठीत कसं म्हणतेस?" बाईंनी विचारलं.

"रात्री बारानंतर काही खायला नको."

"आणि उद्या सुट्टी असली की?"

"उद्या लवकर उठायला नको."

तिथे ते दिसलं. पहिल्या 'नको'त मनाई आहे, दुसऱ्यात सुटका आहे. मराठीत शब्द तोच, आणि आपण प्रसंगावरून अर्थ लावतो; घरातलं कोणी चुकत नाही. इंग्रजीत त्या दोन 'नको'ंची दोन वेगळी घरं आहेत: मनाईसाठी मस्ट नॉट, सुटकेसाठी डोन्ट हॅव टु किंवा नीडन्ट. शिवाय होकारात मस्ट आणि हॅव टु जवळजवळ सारखेच वाटतात, म्हणून नकारातही सारखेच असतील असं मी गृहीत धरलं होतं. शाळेत दोन्हींसमोर ऑब्लिगेशनच लिहिलं होतं.

आणखी एक गोष्ट त्याच संध्याकाळी कळली. वॉर्डात आपण दिवसभर इंग्रजी बोलतो असं वाटतं, पण ते सुटे शब्द असतात. पेशंट एनबीएम (उपाशी) ठेवलाय, बीपी चेक कर, सलाईन स्टॉप कर, ओव्हर दे. क्रियापद मराठीचं, आणि सक्ती आहे की सल्ला आहे की विनंती आहे, ते सगळं त्या मराठी क्रियापदात असतं. 'कर', 'करा', 'करा ना जरा', 'करावं लागेल', 'करायला हवं', 'करून टाकूया'. इंग्रजीत हे सगळं उचलायचं काम मोडलकडे आहे, आणि ते वापरायची वेळ माझ्यावर नऊ वर्षांत आलीच नव्हती.

बाईंनी मला एक दोनशे पानी वही करायला लावली. त्यांची पद्धत अशी की आधी वाक्य मराठीत लिहायचं, अगदी वॉर्डात बोलतो तसं. मग स्वतःला विचारायचं: हा जोर कोणाचा आहे? मला किती खात्री आहे? समोर कोण आहे? आणि त्यानंतरच इंग्रजी शब्द निवडायचा. मला वाटतं हे या सगळ्या काळात शिकलेलं सर्वांत मोलाचं आहे, म्हणून त्या वहीतलं थोडं सविस्तर लिहिते.

बाईंनी मला शाळेतलं मराठी व्याकरण आठवायला सांगितलं. आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. विध्यर्थ म्हणजे क्रियापदाचं 'आवा' वालं रूप. 'मुलांनी वेळेवर झोपावं' यात कर्तव्य आहे. 'ते आता घरी पोहोचले असावेत' यात अंदाज आहे. 'तुला यश मिळावं' यात इच्छा आहे. एकाच रूपाच्या पोटात तीन गोष्टी, आणि इंग्रजीत पहिलीला शुड, दुसरीला बहुधा मस्ट हॅव किंवा शुड हॅव, तिसरीला मे. 'आवा' दिसलं की शुड असं ठोकून चालत नाही. उलटही तसंच. एकटं कुड कधी भूतकाळातली क्षमता सांगतं, कधी शक्यता, कधी नम्र विनंती.

सुई टोचताना आपण काय म्हणतो? "थोडं मुंगी चावल्यासारखं होईल हं, आजी." मी त्याचं केलं होतं "यू विल फील पेन." बाई म्हणाल्या, "तू 'होईल' म्हणालीस, 'होणार' म्हणाली नाहीस." खरंच, 'पाऊस पडेल' आणि 'पाऊस पडणार' यात आपण फरक करतो. 'णार'मध्ये ठामपणा आहे, 'एल'मध्ये थोडी जागा सोडलेली आहे. आजींना धीर देताना आपण 'एल' वापरतो ते काही उगाच नाही. इंग्रजीत ती जागा मे किंवा माइट सोडतं: "यू मे फील अ स्मॉल स्क्रॅच." 'माइट'मध्ये आणखी थोडी जास्त जागा. हे कळल्यावर मी वॉर्डात स्वतःचंच बोलणं ऐकायला लागले. आपण दिवसभरात किती वेळा 'असेल', 'होईल', 'असावं' म्हणतो, आणि प्रत्येक वेळी खात्रीचं माप किती वेगळं असतं!

डिसेंबरमध्ये बाईंनी माझा एक पाच मिनिटांचा रोल-प्ले माझ्याच मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि मलाच 'मस्ट' मोजायला बसवलं. अकरा वेळा निघालं. यू मस्ट स्टॉप स्मोकिंग, यू मस्ट वॉक, यू मस्ट कम ऑन मंडे. ऐकताना मला त्या पेशंटच्या जागी बसवत नव्हतं. मराठीत मी एकदाही असं बोलले नसते. "काका, तंबाखू सुटली तर जखम लवकर भरेल बघा, जमेल का प्रयत्न करायला?" असं म्हणाले असते. मग त्याचंच इंग्रजी केलं: "इट वुड हेल्प युअर वूंड हील इफ यू कुड कट डाउन. वुड यू बी विलिंग टु ट्राय?" जीव ओतून मराठीत बोलत होते तसं इंग्रजीत बोलायला पहिल्यांदाच जमलं. ओईटीच्या स्पीकिंगमध्ये व्याकरण आणि उच्चारांइतकंच पेशंटशी नातं कसं जोडता, त्याची बाजू कशी समजून घेता, यालाही गुण असतात. मस्टचा मारा केला की ते कसं साधणार?

रेकॉर्डिंगचा हा उपाय तुम्हीही करून बघा. शिक्षक नसले तरी चालेल. मोबाईल समोर ठेवा, पाच मिनिटं बोला, आणि नंतर फक्त मोडल्स कागदावर टिपून काढा.

मस्टची मला इतकी धास्ती बसली की जानेवारीत मी तो वापरणंच सोडलं. बाईंनीच तो परत आणला. कार्ड होतं एका आईचं, तिच्या बाळाला तीन दिवस ताप. मी म्हणाले, "यू मे बी टायर्ड." बाई म्हणाल्या, "तीन रात्री जागलेल्या बाईला तू 'दमल्या असाल बहुतेक' म्हणतेस? आपण काय म्हणतो? 'किती दमला असाल हो तुम्ही!'" या 'असाल'मध्ये शंका नाहीच, कळकळ आहे. तिथे मस्टच लागतो: "यू मस्ट बी एक्झॉस्टेड." हुकमाचा मस्ट वेगळा आणि हा समजून घेणारा मस्ट वेगळा. पेशंटशी बोलताना हा दुसरा जितका आला तितका चांगला.

'आधी यायला हवं होतं' हेही असंच. आपल्याकडे हे वाक्य मायेने म्हटलं जातं, पेशंटलाही ते तसंच लागतं. "यू शुड हॅव कम अर्लियर" मात्र इंग्रजीत कानाला दोष दिल्यासारखं येतं. मी त्याऐवजी "आय अ‍ॅम ग्लॅड यू हॅव कम इन टुडे" म्हणायला शिकले.

आणि शॅल! शाळेत 'आय शॅल, वी शॅल' असं घोकलेलं, नंतर सगळे म्हणाले आता शॅल कोणी वापरत नाही. पण ब्रिटिश बोलण्यात तो एका जागी जिवंत आहे, आणि ती जागा आपल्याला अगदी ओळखीची आहे. 'खिडकी उघडू का?' म्हणजे "शॅल आय ओपन द विंडो?" 'सुरुवात करूया का?' म्हणजे "शॅल वी स्टार्ट?" आपलं 'ऊ का' जसं समोरच्याला विचारूनच पाऊल टाकतं, तसंच हे. नर्सच्या तोंडी हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा येतं. पडदा लावू का, उशी वर घेऊ का, घरी फोन करू का.

पत्रलेखनाची गोष्ट वेगळी, कारण तिथे समोर पेशंट नसतो, बरोबरीचा सहकारी असतो. कम्युनिटी नर्सला लिहिलेल्या सरावाच्या पत्रात माझं वाक्य होतं, "यू मस्ट चेक हर ब्लड शुगर डेली." बाईंनी खाली पेन्सिलीने लिहिलं, 'तू तिची वरिष्ठ आहेस का?' मग ते झालं, "आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड मॉनिटर हर ब्लड शुगर डेली." सगळीकडे हेच एक वाक्य चिकटवू नका, पत्रात एकदा विनंती करायची आणि पुढचं सरळ लिहायचं. शब्दही मोजकेच असतात.

केस नोट्समध्ये कधी कधी निदानाच्या आधी प्रश्नचिन्ह असतं, जसं आपल्या केस पेपरवर डॉक्टर '? युटीआय' (मूत्रमार्गाचा संसर्ग असावा का?) लिहितात. मी ते प्रश्नचिन्ह गिळून थेट "शी हॅज अ युरिनरी ट्रॅक्ट इन्फेक्शन" लिहायचे. वॉर्डात असं केलं असतं तर सिनिअर सिस्टरनी उभं केलं असतं! त्या प्रश्नचिन्हाचं इंग्रजी म्हणजे "शी मे हॅव". वाचनाच्या पाच मिनिटांत लिहिता येत नाही, पण डोळ्यांनी अशी प्रश्नचिन्हं हेरून ठेवता येतात, आणि पेन हातात आलं की आधी त्यांना गोल करायचा.

पत्रातली आणखी एक नेहमीची चूक: "ऑन डे 3 शी कुड वॉक 20 मीटर्स." एखाद्या दिवशी एखादी गोष्ट प्रत्यक्षात जमली, हे सांगायला होकारात कुड चालत नाही, "वॉज एबल टु वॉक" लागतं. जमलं नाही तर "कुड नॉट वॉक" बरोबर. हा नियम मला विचित्र वाटला, पण मराठीत बघितलं तर 'ती चालू शकत होती' आणि 'तिला चालता आलं' यात आपणही फरक करतोच. शिवाय आपल्याकडे 'चालवलं नाही' हे शक्य क्रियापद आहे, ज्यात अंगात त्राण नसल्याचं सगळं दुखणं येतं. 'आजींना आज बसवतसुद्धा नाही' यातलं 'बसवत' एका इंग्रजी शब्दात येत नाही. तिथे कान्ट लिहून पुढे कारण लिहावं लागतं: वेदनेमुळे की अशक्तपणामुळे.

रचनेच्या चुका लवकर सुटल्या, त्यावर फार लिहीत नाही. मोडलनंतर टु नाही, म्हणजे 'मस्ट टु गो' नाही. 'ही' आलं तरी 'कॅन गोज' नाही. दोन मोडल्स शेजारीशेजारी नाहीत, म्हणून 'विल कॅन' ऐवजी 'विल बी एबल टु'. आणि उद्याच्या साध्या कामासाठी 'आय वुड कम टुमॉरो' नाही, 'आय विल'. हे शेवटचं आपल्याकडे बऱ्याच जणांच्या तोंडी बसलंय, माझ्याही होतं.

दुसऱ्यांदा फी भरताना हात थरथरला. घरात सगळ्यांनी पाठिंबा दिला, पण आधीचे पैसे गेलेले सगळ्यांना आठवत होते. सासूबाई म्हणाल्या, "आता नाही झालं तरी चालेल, पण भर." एका वर्षाच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण काही अटींवर जोडून घ्यायची सोय एनएमसीने ठेवलेली आहे. म्हणून पहिल्या परीक्षेनंतर फार महिने जाऊ देऊ नका, आणि त्या अटी एनएमसीच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.

या वेळी दोन दिवस आधी डोंबिवलीला मामांकडे गेले. आदल्या दिवशी केंद्र कुठे आहे ते बघून आले. रात्री फक्त वही चाळली आणि दहाला झोपले.

रायटिंगला एका वृद्ध पेशंटची डिस्चार्जची केस होती. तपशील इथे लिहीत नाही. पत्र संपल्यावर सहा मिनिटं उरली. ती मी फक्त मोडल्सवरून बोट फिरवण्यात घालवली आणि एक 'शुड' खोडून 'मे' केलं.

स्पीकिंगला आधी दोन-तीन मिनिटं ओळखीच्या गप्पा होतात, त्यांना गुण नसतात, म्हणून तिथे श्वास सावरून घ्या. समोर जी व्यक्ती पेशंट होते ती गुण देत नाही; रेकॉर्डिंग दुसरीकडे ऐकलं जातं. हे मला आधी माहीत नव्हतं, आणि पहिल्या वेळी मी त्या बाईंच्या चेहऱ्यावर गुण शोधत बसले होते. या वेळी कार्ड वाचायच्या तीन मिनिटांत मी प्रत्येक कामासमोर एकच मराठी शब्द लिहिला. कार्डावर लिहिलेलं चालतं. 'समजावा'समोर लिहिलं 'होईल', 'सल्ला द्या'समोर 'बरं पडेल', आणि एका ठिकाणी जिथे गोळी खरोखरच बंद ठेवायची होती तिथे 'अजिबात नाही'. तेवढ्यावरून इंग्रजी आपोआप आलं. एकदा अडखळले, "यू मस्ट" म्हणून थांबले, आणि "सॉरी, इट वुड बी बेटर इफ यू" असं दुरुस्त केलं. बाहेर आल्यावर त्या एका वाक्याने मला आठवडाभर छळलं.

निकाल आला तेव्हा परत ड्युटीवरच होते. लिसनिंग 370, रीडिंग 360, रायटिंग 340, स्पीकिंग 380. चेचीने लिनन रूममध्ये नेऊन मला मिठी मारली.

पुढचं थोडक्यात. एनएमसीला निकाल बघता यावा म्हणून ओईटीच्या आपल्या खात्यातून तशी परवानगी द्यावी लागते, ती दिली. निकाल दोन वर्षं चालतो. 2024 मध्ये एनएमसीच्या अर्जाची फी 140 पौंड होती, सीबीटीची, म्हणजे संगणकावर द्यायच्या परीक्षेची, 83. सीबीटीत एक भाग औषधांच्या हिशोबाचा आणि एक नर्सिंगचा असतो. तिकडे गेल्यावर ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा तेव्हा 794 पौंडांची होती आणि नोंदणी 153 ची. काही हॉस्पिटल्स यातला खर्च उचलतात, मुलाखतीतच स्पष्ट विचारा. इथल्या नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी पाठवायला वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज मी ओईटीचा निकाल लागल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात केला, आणि पावतीचा फोटो काढून ठेवला.

पेढे घेऊन बाईंकडे गेले तो शुक्रवार होता. दारातून विचारलं, "आत येऊ का?" बाईंनी आतूनच विचारलं, "याला काय म्हणशील? 'ऊ का' आहे की." मी म्हणाले, "शॅल आय नाही. घर तुमचं, परवानगी तुमची. मे आय कम इन." त्या म्हणाल्या, "ये."

यजमानांची जखम तोवर जवळजवळ भरत आली होती, कडांना छान गुलाबी कातडी धरली होती. ड्रेसिंग केलं, चहा झाला. वही बाईंकडेच ठेवली, कारण चेचीच्या धाकट्या बहिणीला ती हवी आहे. उठताना सवयीने तोंडून गेलं, "येऊ का, बाई?"

आणि आम्ही दोघी थांबलो. निघताना म्हटलेल्या या 'येऊ का'ला शॅल लागत नव्हतं, मे लागत नव्हतं, आणि क्रियापद तर 'जाणं' असायला हवं होतं. बाईंनी बराच विचार केला.

"याला नाही गं काही," त्या म्हणाल्या. "ये. मंगळवारी ड्रेसिंग आहे."